ऑफर घेण्याआधी कंपनी टॉक्सिक आहे का हे कसं ओळखायचं? पुण्यात नोकरी शोधणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टॉक्सिक म्हणजे नक्की काय? काम जास्त असलं की टॉक्सिक का?

नाही. हा गोंधळ आधी मिटवू, कारण हल्ली शनिवारी एक फोन आला तरी लोक टॉक्सिक म्हणून मोकळे होतात. रिलीजच्या आठवड्यात उशिरापर्यंत थांबावं लागणं, क्लायंट अमेरिकेत असेल तर रात्री साडेनऊचा कॉल, चाकणच्या प्लांटमध्ये ऑडिटच्या आधी धावपळ, हे सगळं कष्टाचं आहे पण त्यात विष नाही. रात्रीचा कॉल झाल्यावर दुसऱ्या दिवशी अकराला आलात आणि कोणी काही बोललं नाही तर ती बरी जागा. तोच कॉल रोज, वर सकाळी नऊला स्टँडअप (टीमची रोजची छोटी मीटिंग), आणि थकलो म्हटलं की "तुझ्यात ओनरशिप नाही", ही झाली टॉक्सिक जागा. थोडक्यात तुमचा वेळ, तुमचा पगार आणि तुमचा प्रश्न या तीन गोष्टींना तिथे किंमत आहे का ते बघायचं. आणि हे तिन्ही जॉइन होण्याआधी बऱ्यापैकी दिसतं, कारण ऑफर द्यायच्या काळात कंपनी तिच्या सगळ्यात गोड मूडमध्ये असते, तेव्हाच ती अशी वागत असेल तर नंतरचं तुम्हीच समजा.

इंटरव्ह्यूमध्ये कुठल्या गोष्टी खटकायला हव्यात?

उशीर होणं, लिंक न चालणं, हे होतं, सोडून द्या. पण तीनदा वेळ बदलली आणि एकदाही साधं सॉरी नाही, किंवा रात्री साडेदहाला एचआरचा फोन की "उद्या सकाळी आठला राऊंड आहे, जमेल ना", तर लिहून ठेवा. दुसरं म्हणजे तीन राऊंडला तीन माणसं तीन वेगळे जॉब सांगतात. एक म्हणतो डेव्हलपमेंट, दुसरा म्हणतो सपोर्ट पण आहे थोडा, तिसरा विचारतो नाइट शिफ्टला प्रॉब्लेम नाही ना. याचा अर्थ ती पोझिशन काय आहे हे त्यांनाच ठरवता आलेलं नाही आणि तुम्ही आलात की जिथे भोक आहे तिथे बसवणार.

मॅनेजर जुन्या माणसाबद्दल काय बोलतो ते नीट ऐका. "आधीचा मुलगा अगदीच यूसलेस होता" असं पहिल्या भेटीत अनोळखी माणसाला सांगणारा साहेब तुमच्या पाठीमागेही तेच सांगणार आहे. शिवाय ऑनलाइन इंटरव्ह्यूत टीममधला ज्युनिअर बसलेला असेल तर साहेब त्याला कसं तोडतो, तो बोलताना किती घाबरतो, ते बघा, यातून जेवढं कळतं तेवढं कुठल्याच रिव्ह्यूतून कळत नाही.

आणि ते "आम्ही सगळे एक फॅमिली आहोत". हे वाक्य ऐकलं की लगेच पळायची गरज नाही, बरेच मालक खरंच मनापासून बोलतात, पण त्यानंतर "मग ओव्हरटाइम किंवा कॉम्प ऑफची (जादा कामाच्या बदल्यात सुट्टी) पॉलिसी काय आहे?" एवढं विचारा. उत्तर आकड्यात आलं तर ठीक. "अरे फॅमिलीत असं मोजत नसतात" असं आलं तर कळलंच.

मी काय प्रश्न विचारू? जास्त विचारलं तर ऑफर जाईल ना?

नीट विचारलेल्या प्रश्नामुळे जी ऑफर जाते ती गेलेलीच बरी, हे माझं स्पष्ट मत आहे, घरचे ऐकणार नाहीत तरी. एचआरला नाही, ज्याच्या हाताखाली काम करणार त्या मॅनेजरला विचारा. ही जागा का रिकामी झाली? गेल्या वर्षभरात टीममधून कोण कोण गेलं आणि टीममधूनच वर कोण गेलं? मागची डेडलाइन हुकली तेव्हा नक्की काय झालं? हा शेवटचा माझा सगळ्यात आवडता. चांगला मॅनेजर खरी गोष्ट सांगतो, की एस्टिमेट चुकलं, क्लायंटला सांगितलं, दोन आठवडे वाढवून घेतले. दुसरा प्रकार म्हणतो "आमच्याकडे डेडलाइन हुकतच नाही". मग ती कोणाच्या झोपेवर गाठली जाते हा पुढचा प्रश्न मनातच ठेवा.

टोन मात्र चौकशी आयोगाचा नको. "मला पहिल्या सहा महिन्यांचा अंदाज यावा म्हणून विचारतोय" असं म्हटलं की समोरचा सहज बोलतो.

ऑनलाइन रिव्ह्यूवर किती विश्वास ठेवायचा?

अर्धा. अँबिशनबॉक्स, ग्लासडोअर या कर्मचाऱ्यांच्या रिव्ह्यूच्या दोन्ही साइट बघा पण एकूण रेटिंग बघून थांबू नका, पुणे आणि तुमचं डिपार्टमेंट असा फिल्टर लावा, कारण बेंगळुरूच्या ऑफिसचं कौतुक तुमच्या खराडीच्या टीमला लागू होत नाही. पाच स्टारवाले एकाच आठवड्यात, एकाच भाषेत, "ग्रेट लर्निंग, सपोर्टिव्ह मॅनेजमेंट" असे ओळीने दिसले तर ते एचआरने लिहून घेतलेत असं समजायला हरकत नाही. एक स्टारवाल्यात राग असतो, तो खरा असतो पण एकतर्फी. तीन स्टारवाले सोन्यासारखे, त्यांना ना कौतुक करायचंय ना सूड घ्यायचाय. तिथे एकच तक्रार वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या लोकांनी केलेली दिसली, उदाहरणार्थ फुल अँड फायनल, म्हणजे सोडताना मिळायचे शेवटचे पैसे, अडकवतात, तर ती पक्की धरा.

मग आतली खबर कुठून काढायची?

स्थळ आलं की आपण शेजारीपाजारी, मामाचा मित्र, सगळीकडून चौकशी करतो आणि नोकरी, जिथे दिवसाचे दहा तास जाणार, तिथे फक्त वेबसाइट बघून हो म्हणतो. लिंक्डइनवर कंपनीच्या नावाने माणसं शोधा, तुमच्या टीममधले लोक किती दिवस टिकलेत ते बघा. आठ महिने, अकरा महिने, सहा महिने अशीच ओळ दिसली तर तिथे काहीतरी जळतंय. मग सोडून गेलेल्यांपैकी दोघा-तिघांना साधा मेसेज टाका, "मला तिथून ऑफर आहे, पाच मिनिटं बोलता येईल का?" पुण्यात लोक याला चक्क उत्तर देतात, आणि आपला कोणी कॉलेजचा, गावचा निघाला तर अर्धा तास बोलतात.

सध्या तिथे काम करणाऱ्या मित्राला विचारत असाल तर एक लक्षात ठेवा, त्यानेच तुम्हाला रेफर केलं असेल तर त्याला रेफरल बोनस मिळणार आहे आणि तो बऱ्याच ठिकाणी तुम्ही काही महिने टिकल्यावरच मिळतो. मित्र खोटं बोलेल असं नाही, पण त्याचं "मस्त आहे रे" थोडं कमी करून ऐका.

आणि जमलं तर एकदा प्रत्यक्ष जाऊन या. हिंजवडी फेज टू असो, मगरपट्टा असो की बाणेरमधली एखादी छोटी बिल्डिंग, संध्याकाळी साडेसहाला आणि मग साडेआठला. कोण बाहेर पडतंय, किती मजले उजळलेले आहेत. गेटबाहेरच्या टपरीवर चहा घ्या, आयडी कार्ड गळ्यात घालून उभी असलेली पोरं काय बोलतात ते कानावर पडतंच. रात्री दिवे दिसले म्हणजे टॉक्सिकच असं नाही, शिफ्ट असू शकते, म्हणूनच टपरी. हिंजवडीला गेलात तर जाता येता भूमकर चौकातला ट्रॅफिक पण अनुभवून होईल, तोही पगाराच्या हिशोबात धरायला हवा.

छोटी कंपनी आहे, रिव्ह्यूच नाहीत. काय तपासू?

इथे सरकारी साइट कामाला येतात आणि फार कमी लोक वापरतात. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ ऑफिसच्या साइटवर एस्टॅब्लिशमेंट सर्च आहे. कंपनीचं नाव टाकलं की कुठल्या महिन्याचा पीएफ कधी भरला आणि किती जणांचा भरला हे दिसतं. नियमाप्रमाणे मागच्या महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. भरण्याच्या तारखा दोन-दोन महिने मागे सरकत चालल्या असतील तर कंपनीच्या खिशात खडखडाट आहे, उद्या पगारही मागे सरकेल. माणसांचा आकडा सहा महिन्यांत अर्ध्यावर आला असेल तर इंटरव्ह्यूतलं "वी आर ग्रोइंग फास्ट" कुठलं ते विचारा. पीएफ २० किंवा जास्त माणसं असली की लागू होतो, त्यामुळे बारा जणांच्या स्टार्टअपचं नाव नाही सापडलं तर लगेच चोर म्हणू नका. पण "आमच्याकडे दीडशे लोक आहेत" म्हणतात आणि पीएफ अठरा जणांचा, हे बघून मात्र उठावं.

दुसरं, एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर कंपनीचा मास्टर डेटा. कंपनी कधी स्थापन झाली, अॅक्टिव्ह आहे का, एवढं तरी कळतं. प्रायव्हेट लिमिटेड म्हणवणारी कंपनी तिथे नसेलच तर पुढचे प्रश्न वाचायची गरज नाही.

सीटीसी चांगला वाटतोय पण इन-हँड कळत नाही. हे पण टॉक्सिकमध्ये येतं का?

सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, फुगवणं सगळेच करतात, तो एकटा गुन्हा नाही. ब्रेकअप मागितल्यावर टाळाटाळ करणं हा गुन्हा. समजा १२ लाख सांगितले. बेसिक ६ लाख धरलं तर कंपनीचा १२ टक्के पीएफ ७२ हजार त्यातच, ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के म्हणजे २८,८६० तीही त्यातच, व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग, १ लाख २० हजार जो मिळेल तेव्हा मिळेल, आणि एक ५० हजारांचा रिटेन्शन बोनस वर्षाअखेर. उरले ९ लाख २९ हजार. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ ७२ हजार आणि महाराष्ट्राचा प्रोफेशनल टॅक्स वर्षाला २,५०० गेला की महिन्याला हातात साधारण ७१ हजार. लाखाचं स्वप्न बघून बाणेरला टू बीएचके बुक करणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

तेव्हा मेलवर दोनच ओळी लिहा: महिन्याचा फिक्स इन-हँड अंदाजे किती, आणि मागच्या दोन वर्षांत या लेव्हलला व्हेरिएबल किती टक्के दिला. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "डिपेंड्स" असं आलं तर व्हेरिएबल शून्य धरून निर्णय घ्या. ग्रॅच्युइटी पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मिळते, ठरावीक मुदतीच्या कॉन्ट्रॅक्टवाल्यांसाठी नव्या कामगार संहितेत ती एका वर्षावर आली आहे, त्यामुळे तुमचं लेटर नक्की कुठल्या प्रकारचं आहे तेही वाचा.

बाँड सही करायला सांगतायत. आणि ओरिजिनल मार्कशीट पण जमा करा म्हणतात.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाँड, म्हणजे ठरलेल्या काळाआधी सोडलं तर पैसे भरायचा करार, आपोआप बेकायदेशीर असं व्हॉट्सअॅपवर फिरतं, तसं नाहीये. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमध्ये तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरण्याची अट योग्य ठरवली. तेव्हा सही केली तर ती खरी धरूनच करा. रक्कम किती, किती काळ, आणि त्या बदल्यात खरंच काही महागडं ट्रेनिंग देतायत का की दोन आठवडे व्हिडिओ दाखवून एक लाखाचा बाँड, हे बघा. नोकरी सोडल्यावर दुसऱ्या कंपनीत जायचंच नाही अशी अट मात्र भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ पुढे टिकत नाही, ती वाचून घाबरू नका.

ओरिजिनल सर्टिफिकेट द्यायची नाहीत. विषय संपला. दाखवा, स्कॅन द्या, परत घरी आणा. सही केलेला कोरा चेक तर अजिबात नाही, उद्या त्यावर आकडा टाकून बँकेत भरला आणि बाउन्स झाला की कलम १३८ ची नोटीस तुमच्या घरी येते. आणि नोकरी देण्यासाठी डिपॉझिट, ट्रेनिंग फी, लॅपटॉपचे पैसे मागणारी कंपनी टॉक्सिक नसते, ती कंपनीच नसते. दरवर्षी पुण्यात नव्याने पास झालेली पोरं यात फसतात, बाहेरगावाहून आलेली जास्त.

नोटीस पिरियड ९० दिवस आहे. चालेल का?

आयटीत ते सरसकट झालंय, त्यावरून कंपनी वाईट ठरत नाही. बघायचं ते हे की तुमच्यासाठी ९० आणि त्यांच्यासाठी १५ असं आहे का, बायआउट, म्हणजे पैसे भरून नोटीस कमी करायची सोय, दोन्ही बाजूंना आहे का, आणि प्रोबेशनमध्ये किती. याहून महत्त्वाचं म्हणजे सोडून गेलेल्याला विचारा की रिलीव्हिंग लेटर आणि फुल अँड फायनल कधी मिळालं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनामा देऊन गेलेल्याचे पैसे दोन कामाच्या दिवसांत द्यायचेत, तरी तिथे लोकांना चार-चार महिने मेल टाकावे लागत असतील तर कंपनी जाणाऱ्याला कसं वागवते ते कळलं. जाणाऱ्याशी जो नीट वागतो तो राहणाऱ्याशी सहसा नीटच वागतो, उलटं मात्र दरवेळी खरं नसतं.

ते म्हणतात आधी रिझाइन कर, मग ऑफर लेटर देतो. किंवा २४ तासांत उत्तर दे.

पहिल्याला सरळ नाही. लेखी ऑफर हातात आल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही, फोनवरचा शब्द, व्हॉट्सअॅपवरचा "कन्फर्म्ड" यातलं काहीही लेखी ऑफर नाही. २४ तासांचं म्हणाल तर दोन-तीन दिवस मागून बघा. ज्यांना माणूस खरंच हवा आहे ते देतात. घाई करणाऱ्याला बहुतेक वेळा भीती असते की तुम्ही कोणाला तरी विचाराल.

मोठा ब्रँड आहे, घरचे म्हणतात डोळे झाकून जा.

ब्रँड आयडी कार्डवर असतो, रोजचा दिवस मॅनेजर ठरवतो. २०२४ मध्ये पुण्यातल्या एका जगप्रसिद्ध अकाउंटिंग फर्मच्या ऑफिसात लागून चारच महिने झालेली २६ वर्षांची सीए मुलगी मरण पावली, तिच्या आईने कामाच्या ताणाबद्दल कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहिलं आणि देशभर चर्चा झाली. नंतर कामगार खात्याने तपासणी केली तेव्हा त्या ऑफिसची शॉप अॅक्टखाली नोंदणीच नसल्याचं समोर आलं. एवढं मोठं नाव, आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराकडे भिंतीवर असतो तो कागद नाही. म्हणून मोठ्या ठिकाणीही तीच चौकशी, आणि ती कंपनीची नाही, त्या टीमची.

मुलींनी वेगळं काय बघावं?

इंटरव्ह्यूत "लग्न कधी, मग शिफ्ट कुठे होणार, मुलाबाळांचं काय प्लॅनिंग" हे हसत हसत विचारलं तरी ते हसण्यावारी न्यायचं नाही. १० किंवा जास्त कर्मचारी असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असायलाच हवी, एचआरला सहज विचारा की समितीच्या अध्यक्ष कोण आहेत. नाव पटकन आलं तर समिती जिवंत आहे, "म्हणजे कसली समिती?" असं आलं तर बघा बुवा. रात्री साडेनऊ ते सकाळी सातमध्ये काम असेल तर महाराष्ट्रात त्यासाठी तुमची संमती लागते आणि सुरक्षित ये-जा करायची सोय कंपनीने करायची असते, कॅब दारापर्यंत की मेन रोडपर्यंत, सोबत गार्ड असतो का, हे ऑफरच्या आधी मेलवर घ्या. आणि टीममध्ये मॅटर्निटी लीव्हवरून परत आलेली कोणी आहे का ते विचारा. २६ आठवड्यांची रजा कायद्याने मिळते, परत आल्यावर तेच काम मिळालं का हे तिच्याशी बोलूनच कळतं.

मी चाकण-भोसरीकडे मेकॅनिकलमध्ये आहे. आयटीचं सगळं सांगता, आमचं काय?

बरोबर आहे, आपल्याकडे नोकरी म्हटलं की हिंजवडीच. तुमच्याकडे पहिला प्रश्न हा की लेटरहेड कोणाचं आहे. गेटवर नाव मोठ्या कंपनीचं आणि ऑफर लेटर कुठल्या तरी मॅनपॉवर एजन्सीचं, म्हणजे तुम्ही थर्ड पार्टी पेरोलवर. त्यात "सहा महिन्यांनी परमनंट करतो" हे तोंडी वचन असतं, तेव्हा मागच्या बॅचमधले किती जण परमनंट झाले ते शॉपफ्लोअरवरच्या पोरांना विचारा. ट्रेनी म्हणून घेत असतील तर ट्रेनिंग किती काळ आणि नंतर काय, हे लेखी घ्या. प्लांट व्हिजिट करायला मिळाली तर सेफ्टी शूज, गार्ड लावलेली मशीन, कँटीन आणि टॉयलेट बघा, खरंच, टॉयलेट बघा. सुपरवायझर कामगाराला कोणत्या भाषेत हाक मारतो ते ऐका. सुट्टी बहुतेक गुरुवारी असते, तेव्हा बायकोची रविवारची असेल तर तो विषय घरी आधी काढा.

सगळं खटकतंय पण हातात दुसरी ऑफर नाही आणि ईएमआय आहे.

मग घ्या. खरंच. "स्वाभिमान जपा" सांगणाऱ्यांपैकी कोणी हप्ता भरायला येत नाही. फक्त डोळे उघडे ठेवून घ्या. प्रोबेशनमधला नोटीस पिरियड सहसा कमी असतो, तो किती ते पाठ करा. नोकरी डॉट कॉमवरचं प्रोफाइल बंद करू नका. ऑफर लेटर, सॅलरी स्लिप, पीएफ पासबुक स्वतःच्या मेलवर दर महिन्याला. कंपनीचा कोड किंवा क्लायंटच्या फायली मात्र घरी आणू नका, ते उलटं तुमच्यावर शेकतं. बाँड असेल तर हा सल्ला लागू नाही, तिथे आधी हिशोब करा. आणि खूपच वाईट झालं, पगार अडकवला, रिलीव्हिंग रोखलं, तर कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते, आयटीवाल्यांसाठी नाइट्स ही पुण्यातली कर्मचारी संघटना आहे, ते असे विषय घेतात.

नाही म्हणायचं ठरलं. कसं कळवू?

दोन ओळींचा मेल. "ऑफरबद्दल आभार. विचार करून मी ती न स्वीकारण्याचा निर्णय घेतला आहे, टीमला शुभेच्छा." बास. का ते लिहायचं नाही, मॅनेजर कसा वाटला ते तर नाहीच, पुणे या बाबतीत फार लहान आहे आणि तोच एचआर दोन वर्षांनी तुमच्या आवडत्या कंपनीत बसलेला असतो. फोन करून कारण उकरतील, "पर्सनल कारण आहे" म्हणा. त्यावर पन्नास हजार वाढवून देतो म्हणाले तर एवढंच विचारा की हे पैसे पहिल्या दिवशी का नव्हते.